स्टेबल शाखा कशी सांभाळतात: लिनक्स कर्नलच्या उदाहरणावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनेकांनी मिळून लिहिलेल्या कोडची एक शाखा अशी असावी लागते, की जी कुणीही निर्धास्तपणे अपडेट करावी. ती तशी राखणं हे कष्टाचं आणि बहुतेकदा कुणाला न दिसणारं काम आहे. इथली उत्तरं मुख्यतः लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, स्टेबल ट्रीवर (कोडच्या साठ्यावर) बेतली आहेत, कारण तिथले नियम लेखी आहेत, सगळा व्यवहार उघड्यावर चालतो आणि चूक झाली तर तिची चिरफाडही सगळ्यांसमोर होते. पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण जास्त बोलकं आहे तिथे ते घेतलं आहे.

स्टेबल म्हणजे बग नसलेलं व्हर्जन का?

नाही. काल जे चालत होतं ते अपडेट केल्यावरही चालेल, एवढंच स्टेबलचं वचन. जुने बग त्यात असतातच, काही तर वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतात.

मेनलाइन, म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स सांभाळतात ती मुख्य ट्री, दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं व्हर्जन देते. पहिले दोन आठवडे मर्ज विंडो उघडी असते आणि नव्या कोडचा लोंढा तेव्हाच येतो. मग आठवड्याला एक याप्रमाणे आरसी, म्हणजे रिलीजआधी तपासायला दिलेली व्हर्जन्स, निघतात, आरसी-7 किंवा आरसी-8 पर्यंत, आणि व्हर्जन बाहेर पडतं. 6.6 हे असं ऑक्टोबर 2023 मध्ये आलं. मेनलाइन लगेच 6.7 च्या मागे लागली आणि 6.6 ची शाखा स्टेबल टीमकडे आली. तिथून 6.6.1, 6.6.2 असे रिलीज निघत राहतात. त्यांत दुरुस्त्या असतात, नवी फीचर्स नसतात.

हातात अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये कर्नल व्हर्जन बघा. 5.10 किंवा 6.1 अशी सुरुवात आणि पुढे बहुधा एक मोठा तिसरा आकडा दिसेल. त्या शाखेचा कितवा स्टेबल रिलीज तुमच्या फोनपर्यंत पोचला आहे, ते तो सांगतो.

ही पद्धत कधीपासून आहे?

मार्च 2005 पासून. त्याआधी सम-विषम आकड्यांचा हिशेब होता: 2.4 स्टेबल, 2.5 डेव्हलपमेंटची. 2.4 जानेवारी 2001 मध्ये आलं आणि पुढचं स्टेबल, म्हणजे 2.6, थेट डिसेंबर 2003 मध्ये. मधल्या काळात बाजारात आलेल्या हार्डवेअरचं काय करायचं? डिस्ट्रिब्यूशनवाल्यांनी, म्हणजे कर्नलभोवती पूर्ण सिस्टिम बांधून देणाऱ्यांनी, 2.5 मधला हवा तो कोड आपापल्या 2.4 मध्ये ओढून घेतला. परिणाम असा, की ज्याचा त्याचा कर्नल निराळा झाला आणि एकाचा पॅच (कोडमधल्या बदलाची फाइल) दुसऱ्याला लागेना.

2.6 पासून विकास सलग चालू लागला, तशी दुसरी अडचण उभी राहिली. बाहेर पडलेल्या व्हर्जनमध्ये गंभीर बग निघाला, तर दुरुस्तीसाठी पुढच्या व्हर्जनची वाट बघावी लागायची. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी 2.6.11.1 काढून ही वाट मोकळी केली. पुढच्याच महिन्यात गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, जन्माला आलं. आज स्टेबलचं काम क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन बघतात.

बग मला 6.6 मध्ये दिसतोय. मग पॅच थेट 6.6 लाच का पाठवायचा नाही?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

दुरुस्ती आधी मेनलाइनमध्ये जाते, तिथून खाली स्टेबल शाखांमध्ये उतरते. समजा, हा क्रम मोडून तुम्ही फक्त 6.6 दुरुस्त केलं. वर्षभराने लोक 6.12 वर जातात आणि तोच बग त्यांना पुन्हा भेटतो. अपडेट केलं की बिघडतं, असा अनुभव एकदा आला की माणसं अपडेट करायचंच सोडतात, आणि मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. शिवाय त्या भागाचा कोड ज्यांना सर्वांत चांगला माहीत आहे, ते सबसिस्टिमचे मेंटेनर मेनलाइनवर बसलेले असतात. पॅच त्यांच्या नजरेखालून गेला नाही, तर तो बरोबर आहे हे ठरवणार कोण?

अपवाद अगदी मोजके. मेनलाइनमध्ये तो भागच नव्याने लिहिला गेला असेल आणि बग तिथे उरलाच नसेल, तर फक्त जुन्या शाखेसाठी पॅच देता येतो. पण तसं का, हे कमिट मेसेजमध्ये, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदताना लिहायच्या टिपणात, सविस्तर लिहावं लागतं. ‘ग्राहकाला उद्याच हवंय’ हे कारण चालत नाही. ते चालवून घेणारे प्रकल्प दोन-तीन वर्षांत दोन वेगळ्या कोडबेसचे मालक होऊन बसतात.

मेनलाइनमध्ये गेल्यावर पॅच खाली येतो कसा?

लिहिणाऱ्याने कमिट मेसेजच्या शेवटी दोन ओळी द्यायच्या. ‘फिक्सेस’च्या ओळीत, ज्या कमिटने बग आणला तिच्या हॅशची (मजकुरावरून निघणाऱ्या ओळखक्रमांकाची) पहिली 12 अक्षरं आणि कंसात तिचं शीर्षक. ‘सीसी’च्या ओळीत स्टेबल टीमचा पत्ता. पहिल्या ओळीवरून ही दुरुस्ती कोणकोणत्या शाखांना लागू आहे ते कळतं: बग 5.15 मध्ये आला असेल तर 5.10 ला पॅचची गरजच नाही. नुसती ‘फिक्सेस’ची ओळ दिली म्हणजे पॅच आपोआप स्टेबलमध्ये जाईल, असं मात्र धरून चालू नका. ‘सीसी’ हवाच.

मग पॅच रांगेत लागतो. ही रांग म्हणजे एक वेगळी गिट रिपॉझिटरी. तिच्यात शाखेगणिक एक फोल्डर आहे, फोल्डरमध्ये प्रत्येक पॅच साध्या टेक्स्ट फाइलच्या रूपात असतो, आणि ‘सिरीज’ नावाच्या फाइलमध्ये त्यांचा क्रम लिहिलेला असतो. ही जुनीच पद्धत आहे आणि मला ती फार आवडते. एखादा पॅच आयत्या वेळी वगळायचा तर ‘सिरीज’मधली एक ओळ काढली की झालं, शाखेच्या इतिहासाला धक्का लागत नाही.

रिलीजच्या आधी हे सगळे पॅच लावून एक आरसी निघतो आणि साधारण 48 तास लोकांना तपासायला मिळतात. कर्नलसीआय ही आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा, लिनारो कंपनीची टेस्टिंग टीम आणि जगभरातले स्वयंसेवक आपापल्या मशीनवर तो चालवून निकाल कळवतात. हरकत आली तर पॅच गळतो, नाही आली तर रिलीज निघतो. स्टेबलमध्ये उतरलेल्या कमिटच्या मजकुरात मेनलाइनमधल्या मूळ कमिटचा पूर्ण हॅश लिहिलेला असतो. तो लागतोच, कारण चेरी-पिक केलं, म्हणजे एक कमिट उचलून दुसऱ्या शाखेत लावली, की हॅश बदलतो आणि ही मूळची कोणती कमिट, हे कळायला दुसरा भरवशाचा मार्ग राहत नाही.

100 ओळींची मर्यादा का? मोठी दुरुस्ती असूच शकत नाही का?

असू शकते, आणि गरज पटली तर घेतलीही जाते. आजूबाजूच्या ओळी धरून 100 ओळी, असा लेखी नियम आहे. त्यामागचा विचार सरळ आहे: मेंटेनरने पॅच वाचून, हे बरोबरच आहे, असं म्हणता आलं पाहिजे. 600 ओळींच्या पॅचबद्दल तसं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

दुरुस्ती खऱ्या, कुणाला तरी भोवणाऱ्या बगची हवी. क्रॅश, डेटा खराब होणं, सुरक्षेचं भोक, हार्डवेअर न चालणं, हे सगळं बसतं. नव्या उपकरणाचा आयडी जोडणंही चालतं, कारण त्या एका ओळीने कुणाचं तरी वायफाय सुरू होतं. स्पेलिंग सुधारणं, स्पेस नीट करणं, कोड जास्त देखणा करणं, यांना इथे जागा नाही. ‘असंही घडू शकेल’ छापाची रेस कंडिशन (दोन कामं एकाच वेळी चालल्याने होणारा बिघाड) आणली, तर ती प्रत्यक्षात कशी गाठता येते ते दाखवावं लागतं.

पॅच कॉन्फ्लिक्टशिवाय (जुन्या कोडशी न अडखळता) लागला, कंपाइलही झाला. एवढं पुरे ना?

नाही. याच समजुतीने 2023 च्या डिसेंबरमध्ये डेबियन या डिस्ट्रिब्यूशनचा रिलीज अडला.

ईएक्सटी4 फाइलसिस्टिममध्ये एक दुरुस्ती आली होती. डायरेक्ट आयओने, म्हणजे कॅश टाळून थेट डिस्कवर, लिहिताना फाइलचा आकार वाढला, तर तो डिस्कवर पक्का नोंदला जावा, यासाठीची. चांगली, गरजेची दुरुस्ती. ती 6.1 शाखेत उतरवली गेली आणि 6.1.64 मध्ये बाहेर पडली. पण मेनलाइनमध्ये त्याआधी आयओमॅप या खालच्या थरात एक छोटा बदल झालेला होता: लिहून झाल्यावर फाइलमधली जागा, म्हणजे पुढचं लिखाण कुठून सुरू व्हायचं ती खूण, थोडी आधी पुढे सरकवायची. ईएक्सटी4 ची दुरुस्ती हा बदल गृहीत धरून लिहिलेली होती. 6.1 मध्ये तो बदल नव्हता. त्यामुळे डायरेक्ट आयओचं लिखाण झाल्यावर खूण पुढे सरकेना आणि पुढचं लिखाण चुकीच्या जागी पडू लागलं. डेटा नीट राहावा म्हणून आणलेल्या पॅचने डेटाच बिघडवला, अगदी आगीतून फुफाट्यात.

9 डिसेंबरला डेबियन 12.3 निघायचा होता आणि त्यात नेमका हाच कर्नल होता. त्यांनी इमेजेस रोखल्या आणि दुसऱ्याच दिवशी 6.1.66 घालून 12.4 काढला.

या प्रकरणात दोन्ही पॅच आपापल्या जागी बरोबर होते. त्यांच्यातलं नातं मात्र कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. फंक्शनचं नाव तेच, आर्ग्युमेंट्स तीच, फक्त कुठलं काम कुणी करायचं ती वाटणी बदललेली. कंपायलरला हे दिसत नाही, गिटला तर नाहीच. म्हणून बॅकपोर्ट करताना, म्हणजे नवी दुरुस्ती जुन्या शाखेत उतरवताना, नुसता डिफ (बदललेल्या ओळी) बघू नका. जुनी शाखा जिथून फुटली तिथपासून मेनलाइनपर्यंत त्या फाइलचा, आणि ती ज्यांना हाक मारते त्या फाइलींचाही, लॉग वाचा. आणि त्या सबसिस्टिमच्या टेस्ट त्याच शाखेवर चालवा, फाइलसिस्टिमसाठी एक्सएफएसटेस्ट्स. मेनलाइनवर पास झालेल्या टेस्टचा जुन्या शाखेला काही उपयोग नाही.

कॉन्फ्लिक्ट आला तर हाताने सोडवायचा का?

आधी बघा, कॉन्फ्लिक्ट का आला. बहुतेकदा मधली एखादी कमिट जुन्या शाखेत नसते. ती लहान आणि निरुपद्रवी असेल तर तीही सोबत आणावी, असा स्टेबल टीमचा कल असतो. मग दोन्ही शाखांचा कोड सारखा राहतो आणि पुढचे पॅचही सरळ लागतात. ‘सीसी’च्या ओळीपुढे त्या आधीच्या कमिटचा हॅश देण्याची सोय याचसाठी आहे. हाताने बदल करावाच लागला, तर मूळ पॅचपेक्षा काय वेगळं केलं ते कमिट मेसेजमध्ये लिहा. पुढे बग निघाला की तपासणारा पहिल्यांदा तिथेच बघतो.

काही पॅच यंत्राने निवडलेले असतात म्हणे. हे बरोबर आहे का?

हो. ज्या दुरुस्त्यांवर कुणी ‘सीसी’ची ओळ घातली नाही, त्या शोधायला साशा लेविन यांनी मशीन लर्निंगचा वापर सुरू केला. सुटून गेलेल्या कितीतरी दुरुस्त्या त्यामुळे मिळतात. पण वरचं ईएक्सटी4 चं प्रकरण वाचल्यावर सगळ्यांनाच हा प्रकार का रुचत नाही, ते कळेल. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमच्या मंडळींनी आपला कोड यातून वगळायला लावला. त्यांच्याकडे प्रत्येक शाखेसाठी माणसं ठरलेली आहेत आणि तीच निवडून, टेस्ट करून पॅच पाठवतात. माझं मत त्यांच्या बाजूने झुकतं, निदान डेटा साठवणाऱ्या कोडच्या बाबतीत. अर्थात, त्यासाठी तेवढी माणसं लागतात आणि प्रत्येक सबसिस्टिमकडे ती नाहीत.

चुकीचा पॅच गेला तर तो इतिहासातून पुसायचा का?

कधीच नाही. जाहीर झालेल्या शाखेवर रिबेस किंवा फोर्स-पुश केलं, म्हणजे तिचा इतिहास नव्याने लिहिला, की त्या शाखेवर काम करणाऱ्या प्रत्येकाची रिपॉझिटरी फुटते. रिव्हर्ट करा (बदल उलटवणारी नवी कमिट द्या), रिव्हर्टच्या कमिटमध्ये कारण द्या आणि नवा रिलीज काढा. आरसीची ट्री याला अपवाद आहे. ती पुन्हा पुन्हा नव्याने रचली जाते आणि तसं आधीच जाहीर असतं, म्हणून तिच्यावर कुणी आपलं काम बांधत नाही.

स्टेबल शाखेत स्ट्रक्चरला (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या साच्याला) एखादं फील्ड वाढवलं तर काय बिघडतं?

पोस्टग्रेसला नोव्हेंबर 2024 मध्ये हे चांगलंच समजलं. तिथे प्रत्येक मुख्य व्हर्जनला पाच वर्षं आधार मिळतो, दर तिमाहीला किरकोळ रिलीज निघतात, आणि त्यात डिस्कवरचा डेटा फॉरमॅट बदलायचा नाही हे पक्कं असतं. 14 नोव्हेंबरला 17.1 आणि जुन्या शाखांचे रिलीज आले. एका दुरुस्तीसाठी ‘रिझल्टरेलइन्फो’ या स्ट्रक्चरमध्ये शेवटी एक फील्ड वाढवलं होतं. शेवटी वाढवलं की बाकीच्या फील्डच्या जागा हलत नाहीत, म्हणून हा मार्ग सुरक्षित मानला जातो. पण स्ट्रक्चरचा एकूण आकार वाढला. टाइमस्केलडीबीसारखी काही एक्स्टेन्शन्स (पोस्टग्रेसला बाहेरून जोडायचे भाग) जुना आकार धरून कंपाइल झालेली होती, ती अडचणीत आली. आठवड्याभरात, 21 नोव्हेंबरला, स्ट्रक्चर पूर्वीच्या आकारावर आणून 17.2 काढावा लागला.

कर्नलचा करार वेगळा आहे. आतली फंक्शन्स आणि स्ट्रक्चर्स कधीही बदलू शकतात. बाहेरच्या ड्रायव्हरसाठी ती जपली जातील, असं वचन कुणी दिलेलं नाही. वापरकर्त्यांच्या प्रोग्रामला दिसणारी बाजू मात्र मोडायची नाही, यावर टॉरवाल्ड्स अजिबात तडजोड करत नाहीत. तुमच्या प्रकल्पात ही रेघ कुठे आहे ते पहिल्या रिलीजआधी लिहून ठेवा. नंतर ती वापरणारेच ठरवतात.

रिलीजचे आकडे वाढत गेले तर काही अडतं का?

एकदा अडलं. कर्नलचं व्हर्जन एका संख्येत बसवणाऱ्या मॅक्रोत (कोडमधल्या छोट्या सूत्रात) शेवटच्या आकड्याला 8 बिट, म्हणजे कमाल 255. त्यापुढचा 4.4.256 मॅक्रोच्या लेखी 4.5.0 होतो. फेब्रुवारी 2021 मध्ये 4.4 आणि 4.9 या दोन्ही शाखा तिथे पोचल्या. तेव्हा फक्त आकडा बदललेला रिलीज काढला गेला, म्हणजे काही मोडलंच तर कारण शोधत बसायला नको. मॅक्रोतला आकडा आता 255 वर रोखलेला असतो.

एक शाखा किती वर्षं चालवावी?

सांभाळायला माणसं आहेत तितकीच. बहुतेक कर्नल व्हर्जन पुढचं आलं की थोड्याच दिवसांत बंद होतात. साधारण वर्षाला एक निवडून लाँगटर्म ठरवलं जातं. 4.19 ऑक्टोबर 2018 मध्ये आलं आणि डिसेंबर 2024 पर्यंत, म्हणजे सहा वर्षं चाललं. 2023 मध्ये मात्र ही मुदत पुढे दोन वर्षांवर आणायचं जाहीर झालं, कारण जुन्या शाखा फारसं कुणी वापरत नव्हतं आणि मेंटेनर दमले होते. शाखा जसजशी म्हातारी होते तसतसा मेनलाइनपासून तिचा कोड दूर जातो, आणि प्रत्येक बॅकपोर्ट आधीच्यापेक्षा जड जातो. प्रत्यक्ष तारखा वेळोवेळी बदलतात, त्या कर्नल.ऑर्गवर बघाव्यात.

फक्त सुरक्षेचे पॅच निवडून घेतले तर?

कर्नल टीमचा सल्ला आहे: अख्खा स्टेबल रिलीज घ्या. साध्या दिसणाऱ्या मेमरीच्या बगमधूनही हल्ला होऊ शकतो, आणि दुरुस्तीच्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. फेब्रुवारी 2024 पासून कर्नल टीम स्वतःच सीव्हीई क्रमांक, म्हणजे सुरक्षेच्या दोषांना दिलेले सार्वत्रिक क्रमांक, देते. हे क्रमांक इतके निघतात, की एकेक बघून निवडत बसण्यापेक्षा अपडेट करणं सोपं.

कोडमध्ये कुणी गुपचूप बदल केला तर कळेल का?

2011 मध्ये कर्नल.ऑर्गच्या सर्व्हरमध्येच घुसखोरी झाली होती. तरीही जुना इतिहास कुणाच्या नकळत बदलणं शक्य नव्हतं, कारण गिटमधल्या प्रत्येक कमिटचा हॅश तिच्या आधीच्या सगळ्या कमिटवर अवलंबून असतो आणि हजारो लोकांकडे पूर्ण प्रती होत्या. स्टेबलच्या प्रत्येक रिलीजचा टॅग मेंटेनरच्या चावीने सही केलेला असतो. तो तपासायला एक आज्ञा पुरते, तपासत जा.

आमची टीम पाच जणांची आहे. यातलं काय घेऊ?

रिलीजची एकच शाखा ठेवा, दोन नकोत. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत, मग चेरी-पिक, तेही ‘-एक्स’ देऊन, म्हणजे मूळ हॅश आपोआप नोंदला जातो. रिलीजच्या शाखेवर फोर्स-पुश बंद करा आणि सीआय (आपोआप टेस्ट चालवणारी व्यवस्था) त्या शाखेवरही चालू द्या. बहुतेक ठिकाणी तो फक्त मुख्य शाखेवर लावलेला असतो. शाखा उघडतानाच ती कधी बंद होणार ती तारीख रीडमीमध्ये लिहा. आणि ‘हा पॅच जाणार नाही’ असं म्हणायचा अधिकार एका माणसाला नाव घेऊन द्या. तो अधिकार सगळ्यांचा असला की आग्रह धरणाऱ्याचाच पॅच आत जातो.

सी भाषा येत नाही, पण हातभार लावायचा आहे. काय करता येईल?

आरसी चालवून बघा. कर्नल कंपाइल करून बूट करता आला की पुरे. जुना लॅपटॉप किंवा वेगळं हार्डवेअर असेल तर उत्तमच, कारण मोठ्या टेस्ट लॅबमध्ये तेच नसतं. 48 तासांच्या आत ‘चालतं’ एवढं कळवलं तरी त्याला किंमत आहे. बिघडलं तर गिट बायसेक्ट लावा. आरसीत 500 पॅच असले तरी अर्धे-अर्धे करत नऊ फेऱ्यांत दोषी पॅच सापडतो, आणि मेनलाइनच्या एका व्हर्जनमधल्या दहा हजारांवर कमिटसाठीही चौदा-एक फेऱ्या पुरतात. कळवताना मशीन, आधीचं चालणारं व्हर्जन, बिघडलेलं व्हर्जन आणि डीमेसेजचा (कर्नलच्या नोंदींचा) पूर्ण मजकूर द्या. आधीच्या व्हर्जनचा डीमेसेज अपडेट करण्यापूर्वीच फाइलमध्ये साठवून ठेवा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून ताडता येतात.